बोटं, वीत, वाव

फळ्या मंगळवारी आल्या,
स्प्रूसच्या, अजून डिंकाचा वास येणाऱ्या.
सेल्बीनं त्या शेडला टेकवून ठेवल्या
आणि दारातूनच विचारलं, खोली किती?
जणू मी बंदराचा नकाशा मांडीवर घेऊन बसले होते.

हा माणूस आयुष्यभर खोली वावांत मोजत आला.
शिशाचा गोळा सोडायचा, दोरी सरकू द्यायची,
मग हात पसरून ओढून घ्यायची: एक वाव, दोन वाव, सात.
धुक्यातसुद्धा चुकला नाही कधी.
मातीचं मात्र त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला माती म्हणजे
खडकावर वाळत घातलेलं फडकं.
कुदळ मारावी तर चार बोटांवर
खणकन उत्तर.

डल्सी म्हणाली, वीतभर पुरे.
तिचं लेट्यूस वीतभरात खूश असतं, खरं आहे.
पण तिची गाजरं मी पाहिलीत:
तळाच्या दगडाला टेकून वळलेली,
मांडी घालून बसल्यासारखी.

गार्लंड म्हणाला, दोन फूट. नाहीतर करूच नका.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला.
आठ बाय चारचा वाफा, फुटाला अकरा ढकलगाड्या.
दोन फुटांना बावीस,
आणि सेल्बीचा धड गुडघा एकच.
शिवाय आणायचं कुठून?
दलदलीतलं पीट, वादळानं किनाऱ्यावर टाकलेलं केल्प,
जूनमध्ये कॅपलिन वाळूवर लोळतात, ते चार बादल्या,
एफीच्या मेंढ्या देतील तेवढं.
आणि हे सगळं बसतं.
आज काठोकाठ भरा,
पुढच्या वसंतात चार बोटं खाली.

“दोन फूट,” गार्लंड पुन्हा म्हणाला,
“अँब्रोजलाही आपण यापेक्षा कमी दिली.”

अँब्रोज, सेल्बीचा धाकटा भाऊ.
टेकडीवर खड्डा गुडघ्याच्या खाली जाईना,
म्हणून आठ जणांनी मासळीच्या डोल्यांतून
माती वर वाहिली होती, पेटी ठेवल्यानंतर,
आणि वाऱ्यानं नेऊ नये म्हणून
हिरवळीचे तुकडे ठिगळासारखे लावले होते.
सेल्बी कप विसळायला उठला.
तो विसळलेलाच होता.

संध्याकाळी मी विणायची सुई घेऊन
चढावर गेले. तिथं सासूबाईंचे बटाट्याचे वरंबे आहेत,
तीस वर्षं कुणी हात लावलेला नाही.
आमचं दोघींचं कधी जमलं नाही.
बाई तोंडाची फटकळ, माझ्या ब्रेडला वीट म्हणायची.
सुई टोचली.
गेली.
अजून दाबली, अजून गेली,
वरच्या मण्यापर्यंत, खडक बोललाच नाही.
दर शरदात पाठीवर केल्पची ओली टोपली
घेऊन ती हा चढ चढायची.
तिला खोली कुणी विचारली नव्हती
आणि तिनंही कुणाला नाही.

“यंदा एकच फळी,” मी घरी येऊन म्हटलं,
“वीत आणि वर एक बोट.
मुळा होईल, पालक होईल. गाजरं आखूड जातीची लावू.
पण कोपऱ्यांचे खुंट कापू नकोस.
थोडा वाव ठेव.”
“एक वाव?” तो म्हणाला, आणि हात असे पसरले
की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

आता वाफा उभा आहे, म्हणजे बसला आहे,
आणि चार खुंट कमरेइतके वर, रिकामे.
गार्लंड विचारतो, मच्छरदाणी कधी लावताय?
मुळ्याला दोन पानं आलीत.
सेल्बीला या ऑगस्टमध्ये एक्क्याहत्तर पूर्ण होतील.
काल बघितलं तर दुसऱ्या फळीसाठी,
आणि तिसऱ्याही,
त्यानं खुंटांना भोकं पाडून ठेवलीत,
पाणी शिरू नये म्हणून
मेणानं बुजवून.